नोरीनचा सौदा

ड्रिमीन, क्लिफडन
१४ मे १९८४

प्रिय बार्टली,

अनेक आशीर्वाद. पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आम्ही सगळे खुशाल आहोत आणि तिकडे बोस्टनला तू आणि रीटाही तसेच असाल असं धरून चालते. रीटाची कंबर धरते असं चुलत मंडळींकडून कळलं. तिला म्हणावं, गरम विटेचा शेक घे, गोळ्या गिळून काही होत नाही.

एकोणतीस वर्षांत मी तुला नाताळची एकोणतीस कार्डं पाठवली आणि मला तुझी अठ्ठावीस आली. एक टपालात हरवलं असं मी समजते. प्रत्येक कार्डाखाली नुसतं ‘बार्टली’. ‘तुझा’ नाही, काही नाही. विजेचं बिलसुद्धा याहून प्रेमानं येतं. पण फेस्टी गेला तेव्हा चर्चमधल्या त्याच्या मिस्सेच्या प्रार्थनेसाठी तू न मागता पैसे पाठवलेस, ते मी विसरले नाही. माझा नवरा तुझा दोस्त आधी होता, हे मला ठाऊक आहे.

आता बातमी. तुझी भाची सबीना, जिला तू पाहिलेलं नाहीस, तिच्या घरी ऑक्टोबरात पाळणा हलणार आहे. तिच्या घरी म्हणजे आपल्याच घरी, कारण जावई इथेच राहतो. कोलमन त्याचं नाव. शेजारच्या मेयो जिल्ह्याचा आहे, पण स्वभावानं चांगला. बाळ रांगायला लागायच्या आत स्वयंपाकघरात सिमेंटची जमीन हवी असं या पोरानं डोक्यात घेतलं. जुन्या फरशा ओल धरतात म्हणे. आपण तीन पिढ्या त्या ओलीवर रांगलो, आपल्याला काय धाड भरली? पण ऐकतो कोण. शनिवारी पहार घेऊन बसला.

मी बाहेर कोंबड्यांना दाणे टाकत होते, तर हा दारातून धावत आला. चेहरा पांढराफटक.

“आई, खाली कुणीतरी आहे!”

“कुठे खाली?”

“चुलीपुढच्या मोठ्या फरशीखाली. डोकं आहे. दात आहेत!”

बार्टली, मी इतकी हसले की दाण्यांची पाटी हातातून पडली. “कुणीतरी नाही रे बाबा,” म्हटलं, “तो कॅप्टन आहे.”

बिचारा दारातच बसला. मग त्याला सगळं सांगावं लागलं. आपल्या आजोबांनी घर बांधलं तेव्हा त्यांचा म्हातारा घोडा कॅप्टन नुकताच मेला होता. त्याचं डोकं चुलीपुढे पुरलं आणि वर फरशी बसवली. खाली पोकळी राहते. वर टाच पडली की आवाज असा घुमतो की नाचणाऱ्याला वाटतं, घरच ताल धरतंय. “तुमच्या मेयोत काय नुसत्या मातीवर पाय आपटता?” मी विचारलं. तो म्हणाला, मेयोत लोक नाचगाण्याच्या सभागृहात जातात. गेले तर जाऊ देत.

कोलमन आत गेला तरी मी त्या खड्ड्याजवळ किती तरी वेळ उभी होते. फरशीच्या मधोमध जिथे घासून गुळगुळीत झालंय, ती तुझी जागा. बाबा नोरीनला पहिल्यांदा घरी घेऊन आले त्या दिवशी तू तिथे नाचला होतास, आठवतं? तेव्हा तिला नाव नव्हतं. बाबा म्हणायचे, घोडी आपल्याकडे चालत येताना पाहिल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिला अंगणात चालवली आणि म्हणाले, “ही अगदी गिरणीवरच्या नोरीनसारखी चालते.” आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. बटाटे वाढायची, पण मीठ द्यायची नाही.

तर विचारायचं ते हे. कोलमननं सिमेंटच्या सहा गोण्या आणून ठेवल्यात. कॅप्टनवर सिमेंट ओतू द्यायचं की नाही? हक्कानं हे घर तुझं होतं, म्हणून विचारते. बाकी नोरीनला विकलं त्या ऑक्टोबरबद्दल मी काही लिहीत नाही. बाबांच्या इच्छेप्रमाणे झालं, आणि जुनं झालं.

रीटाला नमस्कार.

तुझी बहीण,
डीलिया


ड्रिमीन
३० जून १९८४

प्रिय बार्टली,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. बंदरातल्या बोटींचं चित्र छान आहे, सबीनानं ते कपाटावर लावलंय. मजकुराची बाजू मात्र भिंतीकडे करून लावायला सांगितली मी.

‘कॅप्टनला हलवू नका. बाबांनी नोरीनला विकायला खरंच सांगितलं होतं का? बार्टली.’

एकोणतीस वर्षांनी भावाचं नावापलीकडचं अक्षर बघावं आणि त्यात हे. पहिल्या वाक्यानं बरं वाटलं, दुसऱ्यानं हातातला चहा गार झाला.

फरशी परत बसवली आहे. सिमेंटच्या गोण्या गोठ्यात पडून आहेत आणि कोलमन रोज त्यांच्याकडे असा बघतो जसं काही त्याचं सामान मीच अडवून धरलंय. चुलीत जाळायचं दलदलीतलं पीट कापून झालं, त्याच्या विटा रचून ठेवल्यात, यंदा ऊन चांगलं लागलं. करड्या गाईला पाडी झाली. मिस्सेला फादर आता गिटार वाजवू देतात. बाकी काय लिहू?

बरं. इथेच तर घोडं पेंड खातंय ना?

नाही. बाबांनी सांगितलं नव्हतं.

मी गावाला तसं सांगितलं, फेस्टीलाही तसंच सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की कधी कधी मलाच बाबांचा आवाज ऐकू यायचा. पण ते तसं म्हणाले नव्हते. ते गेले फेब्रुवारीत, नोरीन तुझ्या नावावर करून, आणि बाजार होता ऑक्टोबरात. आपण बाजारात फक्त शिंगरू विकायला नेलं होतं. आईशिवाय शिंगरू चालत नाही म्हणून नोरीन बरोबर. शिंगरू सकाळीच गेलं. मग तू माझ्या हातात नोरीनचा दोर दिलास आणि म्हणालास, “धर जरा, आलोच.” मला वाटलं, दारूच्या गुत्त्यात गेला असशील.

मी चौकातल्या भिंतीला टेकून उभी. तेवढ्यात ऊटरार्डकडचा तो टॉम लीडन आला, बरोबर पॅचीन दलाल. पॅचीन तेव्हाही कुठे घोडं दिसलं की दोन माणसांचे हात धरून उभा असायचा. लीडननं नोरीनचं तोंड उघडून बघितलं, पाय उचलून बघितला आणि म्हणाला, “पोरी, हिला विकायला आणलीस की पुरायला?”

तुला माझी जीभ माहीत आहे. म्हटलं, “तुझ्या तबेल्यात उभ्या जन्मात अशी घोडी आली नसेल. साठ पौंड दिलेस तरी मिळायची नाही.”

झालं. पॅचीननं हात वर केले. “साठ! ऐकलंत? साठ म्हणाली!”

अरे, मी म्हणाले मिळायची नाही. पण बाजारात आकडा तोंडातून गेला की तो बाजाराचा होतो. लीडन म्हणाला पंचेचाळीस. मी हसले. तो म्हणाला पन्नास. लोक जमायला लागले. पॅचीन एकदा त्याच्या मनगटाला धरून ओढे, एकदा माझ्या. “अर्धं अर्धं तोडा, देवासाठी तोडा!” मी म्हटलं, साठाला एक पेनी कमी नाही. मला वाटलं होतं लीडन थुंकून निघून जाईल आणि मी तुला ऐटीत सांगेन की तुझ्या घोडीला साठ मागितले आणि मी दिली नाही.

लीडन साठ म्हणाला.

माझी मूठ मिटलेली होती. मिटलेली मूठ म्हणजे नाही, हे पोरासोरांनाही कळतं. पण पॅचीननं माझा हात ओढला, बोटं उघडली आणि लीडननं तळहातावर थुंकून फाडदिशी हात मारला. एकदा हातावर हात पडला की पोप आला तरी सौदा मोडत नाही. मोडला असता तर आपल्या घरातल्या कुणाच्या हातावर या जिल्ह्यात पुन्हा कुणी हात मारला नसता. चारशे पुरुषांपुढे एकटी बाई मी, काय करणार होते?

तू परत आलास तेव्हा माझ्या हातात दोराऐवजी पैसे होते. ते मी सगळेच्या सगळे तुला दिले. तू मोजले नाहीस. म्हणालास, “घर हवं होतं ना तुला आणि फेस्टीला? घे.” आणि दहा दिवसांनी तू जहाजावर होतास. गावानंही तेच म्हटलं, की डीलियानं घोडी विकून भावाला हाकललं आणि घर बळकावलं. देवाशपथ सांगते, घर माझ्या मनातही नव्हतं.

झालं, लिहिलं.

आता एक खबर, जिच्यासाठी खरं तर पेन उचललं होतं. पॅचीन अजून आहे. ब्याऐंशीचा, काठी टेकत येतो, दात एकही नाही, पण कुठल्या घोड्याची आजी कोण हे त्याला विचारावं. काल दारात येऊन म्हणाला, लीडननं नोरीनची वंशवेल सांभाळलीय. नोरीनच्या नातीची लेक आता दोन वर्षांची आहे. लीडन थकला, तबेला मोडतोय. ऑगस्टच्या प्रदर्शनात तिला आणणार आणि तिथेच विकणार. जर्मन लोक येतात आता, न बघता घेऊन जातात.

“मला काय करायचंय?” मी म्हटलं.

“तुला नाहीच करायचं काही,” पॅचीन म्हणाला. “मी आपला चहा प्यायला आलो होतो.”

मी जाणार नाही आहे. त्या दिवसानंतर मी बाजारात कधी हात पुढे केलेला नाही. कोकरं विकायची असली तरी आधी फेस्टी जायचा, आता कोलमन जातो. गेलेच तर नुसती बघायला जाईन आणि दोन्ही हात खिशात ठेवीन.

तुझी बहीण,
डीलिया


ड्रिमीन
१९ ऑगस्ट १९८४

प्रिय बार्टली,

आशीर्वाद. मधल्या पत्राला तुझं उत्तर नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो रोज मला हवामान सांगून जातो. सबीना म्हणते, फोन कर. फोनवर मी भांडू शकते, दुसरं काही जमत नाही.

मी गेले होते. क्लिफडनचं मैदान माणसांनी फुललं होतं. कोलमननं गाडीतून उतरवलं आणि म्हणाला, “आई, तुम्ही त्या तंबूत बसा, मी बघून येतो.” त्याला काय कळणार? करडी घोडी आणि पांढरी घोडी यात त्याला एकच फरक दिसतो, कुठली जास्त चिखलात लोळली. म्हटलं, तू चहा पी.

दोन वर्षांच्या घोड्या रिंगणात आल्या, अकरा होत्या. क्रमांक बघायची मला गरजच पडली नाही. कुणीतरी कडेला पाण्याची बादली ठेवली होती. एक करडी घोडी त्या बादलीशी आली, मान वाकवली, आणि पिण्याआधी उजवा पाय पाण्यावर दोनदा आपटला. थप, थप. मग प्याली. नोरीन ओढ्यावर काय करायची? तू तिला म्हणायचास ना, “दार वाजवून आत जाते, शहाणी”? बार्टली, मी रिंगणाच्या दोराला धरून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर रडले. शेजारची बाई म्हणाली, “तुमची आहे का हो?” मी म्हटलं, “हो.” खोटं बोलले, पण तोंडातून तेच निघालं.

परीक्षकांनी तिला चौथं लावलं. त्यांच्या डोळ्यांना झापडं बांधली असावीत.

लीडन कुंपणाला टेकून उभा होता. वाळून काटकी झालाय. शेजारी दोन परदेशी, चांगल्या कोटातले, आणि पॅचीन. मी अजून वीस पावलांवर होते तर पॅचीन ओरडला, “या, या! एकोणतीस वर्षं माझ्या नावावर बिल फाडणाऱ्या बाई आल्या!”

मी जागच्या जागी थांबले.

“मी काय केलं?” म्हटलं.

“तू गावाला सांगत फिरलीस की विकायचं बाबांनी सांगितलं होतं, पण लीडनला द्यायला माझी मूठ पॅचीननं उघडली. मी काही बोललो नाही. म्हटलं, पोरीचा भाऊ गेलाय, कुणावर तरी ढकलू दे. दलालाचं नाव असतंच त्यासाठी. पण आता माझं वय झालं, डीलिया. वरती विचारलं तर मी खरं सांगणार आहे.”

तर बार्टली, वरती जायच्या आधी मीच सांगते.

पॅचीननं माझी बोटं उघडली नाहीत. त्यानं फक्त मनगट धरलं होतं. मूठ मीच उघडली.

का उघडली ते इतकी वर्षं मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आठ वर्षं मी बाबांचं सगळं केलं. अंघोळ, भरवणं, रात्री उठणं. फेस्टी लग्नासाठी थांबून थांबून चाळिशीला आला. आणि शेवटच्या दिवशी बाबांनी तुला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “नोरीन तुझी.” मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता माझ्यासाठी एक तरी शब्द असेल. म्हणाले, “डीलिया, खिडकी लाव.”

मी खिडकी लावली.

मग ऑक्टोबरात त्या चौकात मी म्हटलेल्या आकड्यावर एक पुरुष चढत होता. चारशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मी काय म्हणते ते ऐकत होतं. आणि हातात दोर तुझा होता. मला तुझा हेवा वाटत होता रे. तुझा राग नव्हता, तुझ्यावर जीव होता, आणि तरी हेवा वाटत होता. लीडन साठ म्हणाला तेव्हा मी बोटं उघडली. हात पडला त्याच क्षणी कळलं काय केलं ते. पण मग वरातीमागून घोडं, त्याचा काय उपयोग? घर नको होतं मला. मला फक्त एकदा हो म्हणायचं होतं. ते मी तुझ्या घोडीवर म्हटलं.

हे लिहून मला हलकं वाटतंय. तुला कसं वाटेल ते माहीत नाही.

मैदानावर मी पॅचीनला सगळ्यांदेखत म्हटलं, “मूठ मीच उघडली होती. तुझी माफी मागते.” तो म्हणाला, “माफी राहू दे. घ्यायला आलीस की रडायला?”

“घ्यायला.”

लीडन फिस्कारला. “हिला? घोडी विकल्यापासून ही बाई रस्त्यात दिसली की तोंड फिरवते! मिस्सेलासुद्धा माझ्यापुढच्या बाकावर बसत नाही! हे साहेब तुझ्यापेक्षा जास्त देतायत.”

“देत असतील,” मी म्हटलं. “ते तिला जर्मनीला नेतील. तिथे ती दार वाजवून पाणी प्याली तर कुणाला कळणार आहे?”

मग आमचं सुरू झालं. तो आकडा सांगे, मी निम्मा म्हणे. तो पाठ फिरवे, पॅचीन काठी टाकून त्याला धरून आणे. किती झालं ते विचारू नकोस, तू आधीच रागावलेला आहेस. शेवटी थोडक्यावर अडलं आणि लीडननं मूठ मिटून छातीशी धरली. कोट घातलेले साहेब पाकीट काढायला लागले.

“एक सांग,” लीडन म्हणाला. “साठीला टेकलीस. घोडी कुणासाठी घेतेस?”

“तिच्या मालकासाठी. माझ्या भावासाठी.”

 पॅचीननं लीडनच्या मनगटाला हातही लावला नव्हता, आणि त्यानं आपणहून मूठ उघडली. मीही हात पुढे केला. तळहातावर थुंकून त्यानं असा मारला की बोटं अजून झिणझिणतायत. मग रिवाजाप्रमाणे विकणाऱ्यानं घेणाऱ्याला परत द्यायचं ते शुभाचं नाणं दिलं. ते या कागदाला खाली चिकटवलंय. घोडी ज्याची, नाणं त्याचं.

ती आता आपल्या खालच्या शेतात चरतेय. कोलमन तिला सफरचंद द्यायला गेला आणि तिनं त्याची टोपी खाल्ली, तेव्हापासून दोघांचं जमलंय. सोबत घोड्यांच्या नोंदणीचा अर्ज पाठवते. मालकाच्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलंय. खाली सही तुझी लागेल. घोडीच्या नावाचा रकाना मोकळा आहे, तोही तूच भर. नको असेल तर अर्ज फाडून टाक. मी तिला सांभाळीनच, पण ती माझी म्हणून नाही.

सिमेंटच्या गोण्या गोठ्यातल्या ओलीनं दगड झाल्यात. कोलमन सध्या बोलत नाही.

चुकलेली,
डीलिया


बोस्टन
१ सप्टेंबर १९८४

प्रिय डीली,

नमस्कार. पत्र लिहायची सवय नाही, त्यामुळे जसं येईल तसं लिहितो. अर्ज फाडला नाही. सहीही केली नाही. का ते खाली येईल.

तुझं पत्र मी रीटाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “इतकी वर्षं मी रागावलेला माणूस सांभाळला. आता तूही सांग तिला, नाहीतर मी लिहिते.” तेव्हा सांगतो.

मी गुत्त्यात गेलो नव्हतो. त्या दिवशी तुझ्या हातात दोर देऊन मी चौकापलीकडे जहाजाची तिकिटं विकणाऱ्याच्या दुकानात गेलो होतो. तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा विचारून परत आलो. बाबांनी जमीन, घर, घोडी सगळं माझ्या गळ्यात बांधलं होतं आणि मला तिथे श्वास घेता येत नव्हता. पण नोरीनला सोडून जाणारा माणूस म्हणून मला जायचं नव्हतं. गाव काय म्हणेल, तू काय म्हणशील.

बाहेर आलो तर गर्दी होती. मी दगडावर चढून बघितलं. लीडन साठ म्हणाला ते मी ऐकलं. तुझी मूठ मिटलेली बघितली. पॅचीननं बोटं उघडली नाहीत हेही बघितलं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, डीली.

मी तीस पावलांवर होतो. घोडी माझी होती. एक हाक मारली असती, “दोर माझा आहे,” तर लीडनला हात मागे घ्यावा लागला असता. मालक हजर असताना दुसऱ्याच्या हातावरचा सौदा उभा राहत नाही, हे मला माहीत होतं, पॅचीनला माहीत होतं, गडबडीत तूच विसरलीस. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. हात पडला आणि मी सुटलो. मग मी तुझ्यावर ओरडलो, घराचं ते घाणेरडं वाक्य बोललो, आणि त्याच साठ पौंडांचं तिकीट काढलं. तू मूठ उघडलीस आणि मी त्यातून पळालो.

राग सोडला असता तर मी पळून आलो असं म्हणावं लागलं असतं. म्हणून धरून ठेवला. कार्डांवर ‘तुझा’ लिहायला जायचो आणि हात थांबायचा. हरवलेलं एक कार्ड टपालात नाही हरवलं. त्यावर ‘तुझा’ लिहिलं होतं, ते मी फाडलं.

माझं इथे वाईट झालं नाही. रीटा भेटली, काम मिळालं, पोटभर खाल्लं. फक्त कुठेही नाचलो तरी जमिनीतून काही परत यायचं नाही. आता कळलं, कॅप्टन नव्हता खाली.

गिरणीवरच्या नोरीनची गोष्ट मी रीटाला सांगितली. ती इतकी हसली की कंबर धरली. गरम विटेनं शेकलं, उतार पडला, तुझं खरं आहे.

अर्जाचं. घोडी आपल्याकडे चालत येताना पाहिल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, या बाबांच्या नियमाची आठवण तूच करून दिलीस. मग बोस्टनमध्ये बसून रकाना कसा भरू? आम्ही दोघं बावीस सप्टेंबरला शॅनन विमानतळावर उतरतो. कोलमनला घ्यायला पाठव, त्याला टोपी मी आणतोय. पॅचीनलाही बोलाव. मलाही त्याला काही सांगायचंय. नाणं खिशात आहे, तिथे येऊन तुझ्या हातावर ठेवीन, तूही हात उघडा ठेव.

घर तुझंच आहे. ते मी रागानं दिलं होतं, आता नीट देतो.

माझा डावा गुडघा गेलाय. पण चुलीपुढची फरशी तशीच असू दे. दोन पावलं तरी होतीलच, आणि सबीनाच्या बाळाला आवाज ऐकू गेला पाहिजे.

तुझाच,
बार्टली